सात क्रमांकाची बंदूक

१९९६ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगलीतल्या एका संगणक वर्गात मी डीओएसच्या आज्ञा शिकायला जात असे. सर जेवायला गेले की शेवटच्या रांगेतल्या ४८६ संगणकावर 'डूम' हा राक्षसांना गोळ्या घालण्याचा खेळ सुरू व्हायचा. आमच्यापैकी एकाने कुठूनतरी आय-डी-के-एफ-ए ही अक्षरे शोधून आणली होती. खेळ चालू असताना ती टाइप केली की सगळ्या किल्ल्या, सगळा दारूगोळा आणि सगळ्या बंदुका एकदम हातात येत. पडद्याच्या तळाशी बंदुकांचे २ ते ७ हे आकडे असत. ते एरवी करडे दिसत आणि ही अक्षरे टाइप केल्याबरोबर सगळे पिवळे होत. आम्ही ३ दाबायचो, शॉटगन यायची. ५ दाबले की रॉकेट लाँचर यायचा. ६ आणि ७ दाबले की मात्र काहीच व्हायचे नाही. आकडे तर पिवळे झालेले असायचे, म्हणजे बंदुका आपल्याजवळ आहेत हे खेळच सांगत होता, पण त्या हातात येत नव्हत्या. कळफलक बिघडला आहे असा आमचा निष्कर्ष होता आणि सरांना तसे सांगण्याचे धाडस अर्थातच कोणाला नव्हते.

आम्ही खेळत होतो तो पूर्ण खेळ नव्हता, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. टेक्सासमधल्या 'आयडी सॉफ्टवेअर'ने १० डिसेंबर १९९३ रोजी डूमचा पहिला भाग फुकट सोडला होता. विस्कॉन्सिनमधल्या एका विद्यापीठाच्या सर्व्हरवर तो चढवताना इतके लोक तुटून पडले, की सर्व्हरच कोलमडला. या भागात नऊ लेव्हल होत्या, त्यांपैकी एक गुप्त होती. तो कोणीही उतरवून घ्यावा आणि कोणालाही द्यावा, याला कंपनीची संमती होती; उरलेले दोन भाग, म्हणजे आणखी अठरा लेव्हल, पैसे पाठवून टपालाने मागवाव्या लागत. या पद्धतीला शेअरवेअर म्हणत. आजच्या भाषेत तो डेमोच. फरक एवढाच, की आजचे डेमो बहुधा अर्ध्या-पाऊण तासात संपतात आणि हा आम्हाला अख्खी सुट्टी पुरला.

गेल्या वर्षी घर आवरताना जुन्या सीडींचा एक गठ्ठा हाती लागला. त्यात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतलेली 'शेकडो खेळ' छापाची एक सीडी होती आणि तिच्यावर डूमचा तो फुकट भाग होता. पूर्ण खेळ माझ्या मामेभावाकडे होता. त्याच्या अमेरिकेतल्या काकांनी नव्वदच्या दशकात टपालाने मागवलेल्या फ्लॉपी त्याने पुढे सीडीवर उतरवून ठेवल्या होत्या. त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "अगं, सीडी आहे, पण इतक्या वर्षांत लावून पाहिलेली नाही. चालली तर तुझं नशीब." ती चालली. दोन्ही खेळ शेजारी-शेजारी ठेवून फुकट काय दिले होते आणि पैसे देणाऱ्याला नेमके काय जास्त मिळत होते, हे एकदा शेवटपर्यंत ताडून पाहायचे मी ठरवले. दोन शनिवार-रविवारात हे काम उरकेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात दोन महिने गेले, आणि त्यातला पहिला पंधरवडा पूर्णपणे फुकट गेला.

तो फुकट जाण्याचे कारण सांगितलेच पाहिजे, कारण जुने डेमो ताडून पाहणाऱ्या बहुतेकांची गाडी नेमकी इथेच अडते. मी डॉसबॉक्समध्ये, म्हणजे डीओएसचे जुने खेळ आजच्या संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, दोन्ही खेळ उघडले, एक वही घेतली आणि दिसतील ते फरक टिपायला लागले. पहिलाच फरक मुख्य मेनूत सापडला: पूर्ण खेळात काठिण्याच्या पाच पातळ्या होत्या, माझ्या सीडीवरच्या खेळात चारच होत्या. 'नाइटमेअर' ही सर्वांत अवघड पातळी तिथे नव्हतीच. मी वहीत लिहिले, 'डेमोत सर्वांत अवघड पातळी दिलेली नाही, ती पैसे देणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली दिसते.' मग चौथ्या लेव्हलमध्ये, पडद्यावर नकाशा उघडून पाहताना, एका दालनाची आखणी वेगळी दिसली. माझ्या सीडीवर तिचा आकार नाझींच्या स्वस्तिकासारखा होता आणि पूर्ण खेळात तो बदललेला होता. त्यावरही मी एक परिच्छेद लिहून मोकळी झाले. असे चौदा फरक जमले आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पंधराव्या दिवशी सीडीवरची माहितीची फाइल सहज उघडली आणि लक्षात आले, की माझी प्रत १.० आवृत्तीची होती आणि मामेभावाची १.९ ची. १९९३ च्या डिसेंबरपासून १९९५ च्या फेब्रुवारीपर्यंत आयडीने खेळात एकामागून एक दुरुस्त्या केल्या होत्या आणि त्या फुकट भागालाही तितक्याच मिळत होत्या. 'नाइटमेअर' १.२ आवृत्तीत आली, ती फुकट आणि पूर्ण अशा दोन्ही खेळांत. ते दालन मुळात कंपनीच्या आधीच्या 'वुल्फेनस्टाइन थ्रीडी' या नाझींविरुद्धच्या खेळाची आठवण म्हणून तसे आखले होते. त्याबद्दल तक्रार आल्यावर १९९४ मध्ये ते सर्वांसाठीच बदलले गेले. म्हणजे मी टिपलेला एकही फरक डेमो आणि पूर्ण खेळ यांच्यातला नव्हता; तो जुन्या आणि नव्या आवृत्तीतला होता. वहीची ती पाने मी फाडली नाहीत, त्यांच्यावर तिरकी रेघ मारली आणि फुकट भागाची १.९ आवृत्ती शोधून उतरवून घेतली. ती मिळायला काहीच अडचण आली नाही, कारण ती वाटण्याची परवानगी आजही तशीच आहे.

यापुढे डोळ्यांवर विसंबायचे नाही, थेट फाइली उघडायच्या, असे ठरवले. डूममध्ये खेळ चालवणारा प्रोग्रॅम आणि खेळातला मजकूर, म्हणजे लेव्हल, चित्रे, आवाज आणि संगीत, हे वेगवेगळ्या फाइलींत असतात. मजकुराच्या फाइलीला 'वॅड' म्हणतात आणि तिची रचना इतकी साधी आहे, की हेक्स एडिटर (फाइलीतला एकेक बाइट दाखवणारा प्रोग्रॅम) आणि कागद-पेन्सिल एवढ्यावर ती वाचता येते. अगदी सुरुवातीला 'आयडब्ल्यूएडी' ही चार अक्षरे असतात. त्यानंतरच्या चार बाइटमध्ये फाइलीत किती नोंदी आहेत तो आकडा, आणि त्यानंतरच्या चारमध्ये त्या नोंदींची यादी फाइलीत कितव्या बाइटपासून सुरू होते तो आकडा. दोन्ही आकडे उलट्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे पहिल्यांदा वाचताना माझी चूक झाली आणि नोंदींची संख्या चार अब्जांच्या घरात गेली. नीट वाचल्यावर फुकट भागाच्या फाइलीत १,२६४ नोंदी निघाल्या आणि यादी ४१,७५,७९६ व्या बाइटपासून सुरू होत होती. यादीतली प्रत्येक नोंद सोळा बाइटची असते: चार जागेसाठी, चार आकारासाठी आणि आठ नावासाठी. म्हणजे यादी २०,२२४ बाइटची. ही बेरीज केली तर ४१,९६,०२० येते आणि फाइलीचा आकारही नेमका तेवढाच होता. यादी संपते तिथेच फाइल संपते, एक बाइट इकडे नाही की तिकडे नाही. माझ्या नोकरीत आकडेमोडीचा भाग बराच असला तरी ताळा इतका स्वच्छ जुळण्याचा आनंद मला तिथे क्वचितच मिळतो.

पूर्ण खेळाची फाइल १,११,५९,८४० बाइटची होती आणि तिच्यात २,१९४ नोंदी होत्या. वजाबाकी केली तर ९३० नोंदींचा फरक येतो. डूममधली एक लेव्हल अकरा नोंदींची बनलेली असते, एक नाव आणि दहा तक्ते. म्हणजे अठरा लेव्हलच्या १९८ झाल्या. उरलेल्या ७३२ नोंदी म्हणजे त्या अठरा लेव्हलमध्ये लागणारे राक्षस, भिंतींचे पोत, आकाश, आवाज आणि गाणी. दुसऱ्या बाजूने पाहिले तर लेव्हलच्या हिशेबात फुकट भाग पूर्ण खेळाचा एक तृतीयांश होता, पण बाइटच्या हिशेबात त्याहून जास्त, कारण हात, बंदुका, दारे आणि रक्ताचे शिंतोडे हे दोन्हींना सारखेच लागतात.

यानंतर पहिली लेव्हल दोन्ही फाइलींतून काढून बाइटला बाइट लावून ताडली. ही ती 'हँगर' नावाची लेव्हल, जिच्यात समोर निळसर खांबांची खोली आणि डावीकडे हिरव्या चिलखताकडे जाणारा जिना आहे. माझ्या पिढीतल्या कितीतरी मुलांना ती डोळे मिटूनही चालता येईल. तिच्यातल्या वस्तूंचा तक्ता १,३८० बाइटचा आहे. प्रत्येक वस्तूला दहा बाइट, म्हणजे एकूण १३८ वस्तू. राक्षस, गोळ्या, पिंपे, औषधाच्या बाटल्या, सगळे त्यात आले. दोन्हीकडे हा तक्ता तंतोतंत सारखा होता. भिंतींच्या ४७५ रेषाही सारख्या होत्या. फुकट खेळणाऱ्याच्या वाटेत एखादा राक्षस जास्त उभा केलेला नाही, की पैसे देणाऱ्याच्या वाटेत एखादी औषधाची बाटली जास्त ठेवलेली नाही. सांगलीच्या त्या शेवटच्या रांगेत आम्ही जी हँगर खेळलो, तीच डॅलसमध्ये पैसे मोजून घेणाराही खेळत होता.

त्याहून मोठे आश्चर्य प्रोग्रॅमच्या फाइलीने दिले. १.९ आवृत्तीत खेळ चालवणारा प्रोग्रॅम फुकट आणि पूर्ण खेळाला एकच आहे. सुरू होताना तो शेजारी कोणती वॅड आहे ते पाहतो आणि त्यावरून आपण कोण आहोत हे ठरवतो. पूर्ण खेळातला एका डोळ्याचा तांबडा, हवेत तरंगणारा कॅकोडेमन कसा चावतो, दुसऱ्या भागाच्या शेवटी येणारा सायबरडेमन रॉकेट कसे सोडतो, हे सगळे त्या फुकट प्रोग्रॅममध्ये आधीपासून लिहिलेले होते. त्यांची चित्रे आणि त्यांना जिथे उभे करायचे त्या खोल्या, एवढेच काय ते नव्हते. अशा राक्षसांच्या चित्रांच्या 'हेड', 'सायबर' आणि 'स्पायडर' या नावांच्या नोंदी मी फुकट भागाच्या यादीत पुन्हा पुन्हा शोधल्या. त्या खरोखरच नाहीत. डेमो म्हणजे पूर्ण खेळाला कुलूप लावून दिलेली पेटी, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पेटीत माल नव्हताच आणि कुलपाची गरजही फारशी नव्हती.

'फारशी' म्हटले, कारण एक-दोन कुलपे होती. मेनूत दुसरा भाग निवडला की 'ही शेअरवेअर आवृत्ती आहे, संपूर्ण त्रयी मागवावी लागेल' अशा अर्थाची पाटी येते. बाहेर कोणी बनवलेली लेव्हल फुकट खेळाला जोडू पाहिली तर प्रोग्रॅम ती नाकारतो आणि नोंदणी करायला सांगतो. पूर्ण खेळाला अशी लेव्हल जोडली, तर प्रोग्रॅम आधी २३ नावांची एक यादी तपासून वॅड खरोखर पूर्ण आहे ना, याची खात्री करून घेतो. ही यादी १९९७ च्या डिसेंबरमध्ये आयडीचे प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांनी खुल्या केलेल्या सोर्स कोडमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या मूळ लिखाणात, वाचायला मिळते आणि तिच्यात एक गंमत आहे. दुसऱ्या भागाच्या नऊही लेव्हल ओळीने आहेत, पण तिसऱ्या भागाच्या यादीत दुसऱ्या लेव्हलचे नाव नाही आणि तिसरीचे नाव दोनदा आहे. चुकून एक आकडा इकडचा तिकडे झाला आणि तसाच राहिला. ती वगळलेली लेव्हल नकाशावर वरून पाहिली तर पसरलेल्या पंजासारखी दिसते, बोटांसकट; इतक्या ओळखू येणाऱ्या लेव्हललाच पहारेकऱ्याने हजेरीपटातून गाळावे, हे मला भारीच आवडले.

फाइली संपल्यावर मी दोन्ही खेळ पुन्हा खेळायला घेतले, या वेळी सलग, पहिल्या लेव्हलपासून सत्ताविसाव्यापर्यंत. या भागात मोजमाप थांबते आणि माझे मत सुरू होते. पहिल्या भागात खेळताना प्रत्येक खोलीला काहीतरी म्हणायचे असते. उजेडातून अंधारात शिरताना पायाखालची फरशी बदलते आणि बहुतेक वेळा तिची उंचीही बदलते. खिडकीतून एखादे अंगण दिसते आणि तिथे जायचे कसे हे दहा मिनिटांनी कळते. जिथून आलो तीच जागा दुसऱ्या बाजूने, नव्या उंचीवरून पुन्हा दिसते. दुसऱ्या भागात शिरल्यावर हे सैल होते. अजस्र खोक्यांचे गोदाम, मोकळी मैदाने, कोणत्या किल्लीने कोणते दार उघडेल याचा पत्ता न लागणारी लांबलचक भटकंती. त्यात भय जास्त आहे, चमत्कारिकपणा जास्त आहे, कधीकधी कल्पनाही जास्त धाडसी आहेत, पण घडण ओबडधोबड आहे. पहिल्या दिवशी मला वाटले, हा माझ्या बालपणाच्या आठवणींचा पक्षपात असणार. नंतर कोणी काय बनवले ते पाहिले तेव्हा कारण समोर आले.

पहिल्या भागातल्या बहुतेक लेव्हल जॉन रोमेरो यांनी घडवल्या. टॉम हॉल यांनी सुरुवातीला बऱ्याच लेव्हलची आखणी केली होती, पण १९९३ च्या ऑगस्टमध्ये ते कंपनीतून बाहेर पडले. त्यानंतर सँडी पीटरसन आले, तेव्हा खेळ बाहेर पडायला जेमतेम दहा आठवडे उरले होते. दुसरा आणि तिसरा भाग, आणि पहिल्याची शेवटची लेव्हल, अशा एकोणीस लेव्हल त्यांनी त्या दहा आठवड्यांत पुऱ्या केल्या. त्यांतल्या काहींचा पाया हॉल यांचा होता. पीटरसन त्याआधी कागद-पेन्सिल-फाशांनी खेळायच्या 'कॉल ऑफ कथुलू' या भयखेळाचे रचनाकार म्हणून प्रसिद्ध होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भागातला तो विचित्र, दुःस्वप्नासारखा सूर कुठून आला हे त्यावरून कळते. थोडक्यात, जो भाग फुकट वाटायचा होता तो एका माणसाने सावकाश घासूनपुसून घडवला, आणि ज्याचे पैसे घ्यायचे होते तो दुसऱ्याने घाईने उभा केला. यात फसवणूक मुळीच नाही. फुकट भागच गिऱ्हाईक आणणार होता, तेव्हा तो पक्का हवा होता. पण 'पूर्ण' हा शब्द कोणत्या अर्धुकाला लावायचा, याबद्दल माझा गोंधळ तिथून सुरू झाला.

संगीतानेही हेच सांगितले, आणि तेही मला फाइलींतून नव्हे, कानांनी कळले. तिसऱ्या भागातली पाचवी लेव्हल खेळताना एक ओळखीची धून वाजू लागली. ती पहिल्या भागातल्या सातव्या लेव्हलची होती. त्यानंतरच्या सहाव्या लेव्हलला पहिल्या भागातल्या सहावीचीच धून, आणि गुप्त नवव्या लेव्हलला पहिल्या भागातल्या नववीची. बॉबी प्रिन्स यांनी पहिल्या भागाच्या नऊ लेव्हलना नऊ वेगवेगळ्या धुना दिल्या. शेवटच्या भागापर्यंत येता येता जुन्यांवर भागवावे लागले. फुकट खेळणाऱ्याला प्रत्येक दारामागे नवी धून मिळाली, पैसे देणाऱ्याला काही दारांमागे शिळी. उलट बाजूने, पैसे देणाऱ्याला जे मिळाले त्याला तोड नाही हेही सांगायला हवे: दुसऱ्या भागात प्रत्येक लेव्हलनंतर येणाऱ्या चित्रात बाबेलचा मनोरा थोडा थोडा उंच होत जातो, आणि आठव्या लेव्हलला आपण त्याच मनोऱ्याच्या पायथ्याशी उभे राहतो आणि आत खूर आपटल्याचा आवाज येतो.

फुकट भाग संपतो कसा, हे मी या वेळी विशेष लक्ष देऊन पाहिले. दोन मोठे राक्षस मारल्यावर भिंती खाली जातात, एका चबुतऱ्यावर पाय ठेवला की आपण एका अंधाऱ्या खोलीत फेकले जातो आणि तिथे आपल्याला फाडून खाल्ले जाते. लेव्हल तेव्हाच संपते, जेव्हा प्राण दहा टक्क्यांवर येतात. लहानपणी आम्ही तिथे आय-डी-डी-क्यू-डी हा अमरत्वाचा मंत्र लावून जायचो आणि तरी मरायचो. सोर्स कोडमध्ये पाहिले तर त्या फरशीवर पाय पडताच अमरत्व काढून घेण्याची आज्ञाच लिहिलेली आहे. मग पडद्यावर मजकूर येतो: एवढ्या सगळ्यांना मारल्यावर जिंकायला हवे होते ना, मग हे काय, असे विचारत तो पुढचे दोन भाग खेळायला सांगतो. गंमत अशी, की प्रोग्रॅम एकच असल्यामुळे ज्याने ते दोन भाग आधीच विकत घेतले आहेत त्यालाही हीच जाहिरात वाचावी लागते. आणि दुसरा भाग उघडून पाहावे तर हातात पुन्हा पिस्तूल आणि पन्नास गोळ्या. पहिल्या भागात मिळवलेले सगळे त्या अंधाऱ्या खोलीतच राहिलेले.

मामेभावाला हे सगळे फोनवर सांगत होते तेव्हा त्याने विचारले, "पण याच्याही आधी काही होतं का?" होते. ४ ऑक्टोबर १९९३ ची एक आवृत्ती पत्रकारांसाठी काढलेली होती, ती फुटली आणि पुढे सर्वत्र फिरली. ती चालवल्यावर डेमो या शब्दाचा वेगळाच अर्थ समोर आला. तिच्यात तीनच लेव्हल खेळता येतात, आणि त्यांतल्या दोन पुढे फुकट भागात नव्हे, सशुल्क भागांत गेल्या. तिथे सैतानी राजदंड, खंजीर, अपवित्र ग्रंथ अशा वस्तू गोळा करता येतात. त्या केवळ गुण वाढवण्यासाठी होत्या आणि दोन महिन्यांत गुणांची कल्पनाच रद्द झाल्यावर त्याही गेल्या. आणि तिथे सात क्रमांकाची बंदूक आहे. अंतिम खेळात ती एकच मोठा हिरवा गोळा सोडते. इथे ती तांबड्या-हिरव्या गोळ्यांचा असा सडा पाडते, की दिवाळीतले अनार उलटे धरल्यासारखे वाटते आणि संगणक मंदावतो. डिसेंबरचा डेमो हा पुऱ्या झालेल्या खेळाचा कापलेला तुकडा होता, तर ऑक्टोबरचा हा कच्च्या अवस्थेतला अख्खा खेळ होता. दोघांनाही आपण डेमोच म्हणतो.

तुलनेसाठी मी 'हाफ-लाइफ' या खेळाचा १९९९ च्या फेब्रुवारीत आलेला 'अपलिंक' हा डेमोही एका संध्याकाळी खेळले. त्याची तऱ्हा तिसरीच: त्यातल्या जागा पूर्ण खेळात कुठेच नाहीत, वगळलेल्या साहित्यातून तो वेगळा घडवलेला आहे, आणि २०२३ साली खेळाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा वाल्व्ह या त्याच्या कंपनीने तो मूळ खेळात समाविष्ट केला. डेमोने पूर्ण खेळात शिरायला चोवीस वर्षे घेतली, असे मी वहीत लिहिले आणि पुन्हा डूमकडे वळले, कारण माझे एक काम उरले होते.

सांगलीतले ते पिवळे आकडे मला सोडत नव्हते. सोर्स कोडमध्ये आय-डी-के-एफ-ए शोधले तेव्हा निम्मे उत्तर मिळाले: ती अक्षरे टाइप केली की प्रोग्रॅम सगळ्या बंदुकांपुढे 'आहे' अशी खूण करतो. खेळ फुकट आहे की पूर्ण, हे तो तिथे विचारतच नाही, म्हणून आकडे पिवळे होतात. उरलेले निम्मे उत्तर खेळाडूच्या हालचालींच्या फाइलीत होते. तिथे बंदूक बदलण्याच्या जागी एक अट आहे आणि अटीच्या वर एका ओळीची टीप. तिचा आशय असा, की शेअरवेअरमध्ये प्लाझ्मा किंवा बीएफजी, म्हणजे सहा आणि सात क्रमांकाच्या बंदुका, घेऊ देऊ नका, फसवणुकीचे शब्द वापरले असले तरीही. टेक्सासमध्ये बसलेल्या कोणीतरी आमच्यासारख्या पोरांचा विचार करून ती ओळ लिहिली होती. कळफलक ठणठणीत होता.

ती अट काढली तर काय होईल, हे पाहिल्याशिवाय मला राहवेना. मूळ खेळाशी शक्य तितकी इमान राखणारी 'चॉकलेट डूम' ही खुली आवृत्ती मी उतरवून घेतली, ती अट पुसली, प्रोग्रॅम पुन्हा बांधला आणि त्याच्यापुढे फुकट भागाची वॅड ठेवली. हँगर उघडली. जिन्याकडे पाठ करून उभी राहिले, आय-डी-के-एफ-ए टाइप केले, आकडे पिवळे झाले. ७ दाबले. हातातले पिस्तूल नेहमीसारखे खाली गेले, आणि नवी बंदूक वर यायच्या क्षणी खिडकी बंद झाली. टर्मिनलमध्ये एक ओळ उरली होती: स्प्राइटची चौकट चुकीची, १४ : ०. मी सोर्स कोडमधली स्प्राइटच्या, म्हणजे खेळातल्या चित्रांच्या, नावांची यादी काढली आणि शून्यापासून मोजत गेले. चौदाव्या जागी हातात धरलेल्या बीएफजीचे चित्र होते, आणि ते माझ्या ४१,९६,०२० बाइटमध्ये कुठेच नव्हते.